बेचाळीस मीटरचं पाणी

१

घरात ती धाकटी. धरणावर तोंडावर मॅडम आणि पाठीमागे फटाकडी. रुजू होऊन जेमतेम सात महिने झाले होते आणि तेवढ्यात तिची तीन भांडणं झाली होती. दोन तिच्यापेक्षा दुप्पट वयाच्या माणसांशी आणि तिसरं झेरॉक्सच्या यंत्राशी, तेही म्हातारंच होतं. आपण तिला धाकटीच म्हणू.

प्रयोगशाळेतलं तिचं काम साधं होतं. सकाळी नऊला धरणाच्या भिंतीवरून निघायचं, अरुंद लोखंडी पुलावरून पाण्यात उभ्या असलेल्या मनोऱ्यावर जायचं, नमुने घ्यायचे आणि दहाला परत. मनोरा आतून पोकळ. जाळ्यांतून जलाशयाचं पाणी सरळ त्याच्या पोटात येई, आणि पोटाच्या भिंतीत शहराकडे जाणाऱ्या नळाची तीन दारं होती, एकाखाली एक. पाणी जिथवर असेल त्याप्रमाणे वरचं नाहीतर मधलं दार उघडं ठेवायचं. तळाचं दार धरण बांधल्यापासून बंद होतं.

मनोऱ्याच्या माथ्यावर एक गोल खोली होती. पाच पावलांत संपायची. एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवर नियंत्रण कक्षाचा फोन, छताजवळ हातभर खिडकी. बाहेर उघडणारं लोखंडी दार. आणि मधोमध, जमिनीत, झडप. ती उचलली की गार वाफ तोंडावर यायची. खाली भिंतीवर मीटरचे पांढरे आकडे रंगवलेले, आणि यंदाच्या उन्हाळ्यात चोवीसच्या आकड्यापाशी, टॉर्चच्या उजेडात, पाणी.

नमुना घ्यायची रीत अशी. पितळेचं नळकांडं, दोन्ही तोंडं उघडी, झाकणं स्प्रिंगने ताणून धरलेली. ते दोराला बांधून हव्या त्या पातळीवर सोडायचं. मग दोरावरून एक पितळी वजन सोडायचं. त्याला सगळे निरोप्या म्हणत. निरोप्या घसरत खाली जातो, खटक्यावर आपटतो, झाकणं मिटतात, आणि त्या पातळीचं पाणी आत कोंडलं जातं. हे डोळ्यांना दिसत नाही. दोर धरलेल्या तळहाताला कळतं. टक. एवढंच. कॉलेजात चार वर्षं शिकलेल्या रसायनशास्त्रात हाताला कळणारी एवढी एकच गोष्ट आहे, असं धाकटी म्हणायची, आणि ती तिला मनापासून आवडायची.

रोजचे नमुने दोन. एक वरचा, एक तीस मीटरचा. तळाचा, म्हणजे बेचाळीस मीटरचा, महिन्यातून एकदा. तो मात्र तात्या घेत, एकटेच. तपासतही तेच, वहीत लिहितही तेच. तात्या म्हणजे प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने सहायक, बावीस वर्षं याच दोराला लागलेले. तळाच्या नमुन्याला मी येते, असं धाकटीने दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, दोर जड असतो. जणू ती साखरेची बनलेली होती.

२

वही तिने रिकामपणी वाचली. मोठ्या माणसांच्या वह्या कुणी वाचत नाही म्हणूनच त्या इतक्या सुखाने भरलेल्या असतात.

बेचाळीस मीटरचा रकाना पाहताना तिच्या लक्षात आलं की हे आकडे कुठेतरी पाहिलेत. मग तीसचा रकाना शेजारी धरला. लोह, मँगनीज, गंधक, सगळं तीसच्या बरोब्बर दीडपट. या महिन्यात दीडपट, गेल्या वर्षी दीडपट, वीस वर्षांपूर्वीही दीडपट. तापमानसुद्धा सोडलं नव्हतं. तीस मीटरवर चोवीस अंश, तर तळाला छत्तीस. तळाचं पाणी कायम गार असतं हे शाळेतल्या पोराला विचारलं तरी तो सांगेल. धाकटी एकटीच हसत सुटली. म्हणजे हा गृहस्थ बावीस वर्षं तळाला बाटली सोडतच नव्हता. तीसचं पाणी घ्यायचं, दीडने गुणायचं, खाली ‘अयोग्य’ लिहायचं आणि चहाला जायचं.

ती वह्यांचा गठ्ठा घेऊन साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे धरणाचे प्रमुख अभियंता. सात महिन्यांत पहिल्यांदा ते तिला ‘बसा’ म्हणाले.

त्यांचंही बरोबर होतं. पाणी रोज उतरत होतं. बारा दिवसांत मधलं दार कोरडं पडणार होतं, मग शहराला पाणी द्यायचं तर तळाचंच दार उघडायला हवं होतं, आणि त्या दाराला कुलूप घालून बसला होता तो महिन्याच्या महिन्याला येणारा एक शब्द, अयोग्य. तो शब्द खोटा आहे हे कळल्यावर साहेबांचा चेहरा पंचवीस वर्षांनी तरुण झाला.

धाकटीने त्यांना आवरलं. तात्यांचे आकडे खोटे असले तरी खरे याहून वाईट असणार, असं तिने सांगितलं. जलाशय भरताना खालचं जंगल तोडलं नव्हतं, झाडं उभीच्या उभी बुडवली होती. तिथे ती इतकी वर्षं कुजताहेत, तळाला प्राणवायू नाही, गाळातलं सगळं विष पाण्यात उतरलेलं असणार. वीजघराच्या तोंडाशी थोडंसं तळाचं पाणी झिरपतं तर तिथले दगड काळे पडलेत आणि मासे उलटे तरंगतात. ते पाणी शहराला पाजायचं?

शहर म्हणताना तिच्या डोळ्यांसमोर शहर नव्हतं. थोरली होती. मुख्य नळाच्या पहिल्याच वसाहतीत राहणारी तिची बहीण, आठवा महिना, डॉक्टरांनी पलंगावरून उठू नको म्हणून बजावलेलं. त्याआधी दोनदा ती दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परत आली होती.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग खरं काय ते काढा, म्हणाले, तुमच्या सहीने. तात्यांना त्याच दुपारी सक्तीच्या रजेवर पाठवलं. जाताना ते तिच्या टेबलापाशी थांबले, काहीतरी बोलणार होते, पण तिने मान वर केली नाही.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बेचाळीस मीटरला नळकांडं सोडलं.

दोर खरंच जड होता, पण सांगण्याइतका नाही. कप्पी कुरकुरत होती. पस्तीसची खूण गेली, चाळीसची गेली, बेचाळीसला तिने दोर अडकवला, डाव्या हातात धरला, आणि उजव्या हाताने टेबलावरचा निरोप्या उचलला.

टक.

ती तशीच उभी राहिली. निरोप्या तिच्या उजव्या हातात होता. टक डाव्या हाताला लागलं होतं.

गाळाला टेकलं असेल, तिने स्वतःला समजावलं. किंवा झाडाची फांदी. ती मनात असल्या फांद्या मोजत दोर वर ओढत होती आणि तिच्या लक्षात येत होतं की नळकांडं रिकामं नाही. रिकामं इतकं जड लागत नाही. वर आलं तेव्हा दोन्ही झाकणं मिटलेली होती. नीट, घट्ट, एखाद्या कामसू माणसाने मिटावीत तशी.

पितळ गरम होतं.

तिने ते काचेच्या बाटलीत ओतलं. कुजलेल्या अंड्याचा वास येणार म्हणून श्वास रोखून धरला होता. वास आलाच नाही. पाणी इतकं नितळ होतं की बाटली भरली आहे हे तिला फक्त वजनावरून कळत होतं. तिने तापमापक बुडवला आणि वाचला. मग पुसून पुन्हा बुडवला.

छत्तीस.

४

तिने तेच केलं जे शिकलेलं माणूस करतं. दोष हत्याराला दिला. स्प्रिंग ढिली झाली असेल आणि नळकांडं वरच्या वरच मिटत असेल. स्प्रिंग बदलली. दोर ताणला गेला असेल, खुणा चुकल्या असतील. दोर धरणाच्या भिंतीवर पसरून फुटपट्टीने मोजला. झाकणांचे रबर नवे बसवले. दुसऱ्या दिवशी टक. तिसऱ्या दिवशी तिने निरोप्या खालीच ठेवला, खोलीच्या दारापाशी, आणि फक्त दोर धरून उभी राहिली. या खेपेला वाट पाहावी लागली. मग अगदी हळू, जणू ती दचकू नये म्हणून, टक.

तपासणीत प्रत्येक वेळी तेच. लोह शून्य. मँगनीज शून्य. आणि प्राणवायू भरपूर, वरच्या उघड्या, वारा लागणाऱ्या पाण्यात असतो त्याहूनही जास्त. जिथे उजेड नाही, वारा नाही, जिथे जंगलभर लाकूड कुजतंय, तिथे. असं पाणी पुस्तकात नसतं. असं पाणी मुळात कुठेच नसतं.

तिने आकडे लिहिले, कारण ते समोर होते. आकडे दीडने गुणणाऱ्या माणसाला तिने घरी बसवलं होतं. आता आवडले नाहीत म्हणून ती लिहायचे सोडणार होती का? सही केली. योग्य, असं लिहिलं. पुढे कंसात ‘पुन्हा तपासणे आवश्यक’ असंही लिहिलं, पण कंसातलं कोण वाचतं.

तिसरी बाटली टेबलावर होती तेव्हा साहेब आले. उजेडात धरून पाहिली, आपल्या पेल्यात अर्धी ओतली आणि ती नको म्हणेपर्यंत पिऊनही टाकली. डोळे मिटून उभे राहिले. गोड आहे, म्हणाले. मग उरलेली अर्धीही प्यायले.

त्यानंतर ते रोज प्रयोगशाळेत यायला लागले. हाडाचे चहाबाज, दिवसाला सात कप रिचवणारे, त्यांनी चहा सोडला. येऊन टेबलापाशी उभे राहत आणि तिचं काम होईस्तोवर नखाने टेबलावर आपटत. एकदाच. थोडा वेळ जाऊ देऊन पुन्हा एकदाच.

५

पाचव्या दिवशी ती तात्यांच्या घरी गेली. भांडायच्याच तयारीने गेली होती, फक्त कशावरून ते ठरलं नव्हतं.

तात्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीशी बसले होते. तिला पाहून उठले नाहीत, रागही दाखवला नाही. पाणी विचारलं, ती नको म्हणाली. मग त्यांनी एकच विचारलं.

“गरम होतं?”

धाकटी खाली बसली.

तात्यांनी सांगितलं ते फार नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यांनाही असंच पाणी आलं होतं. निरोप्या हातात असताना. त्यांनी तीनदा घेऊन पाहिलं, चौथ्यांदा दोर खालून ओढल्यासारखा वाटला, तेव्हापासून बेचाळीसला बाटली सोडली नाही. चांगलं पाणी आहे असं लिहिलं असतं तर दार उघडलं असतं. म्हणून तीसचे आकडे फुगवून लिहीत राहिले.

“दार उघडावं असं खाली कुणाला तरी वाटतंय, एवढं मला कळलं,” तात्या म्हणाले. “कुणाला, ते मी विचारलं नाही.”

“आणि कुणाला सांगितलंही नाही.”

“काय सांगू? पाणी फार चांगलं येतंय, अशी तक्रार करू?”

तिला हसू आलं आणि त्याचाच संताप आला. बावीस वर्षं एवढं पोटात ठेवून बसलात, तिने सुनावलं, जाताना माझ्या टेबलापाशी उभे राहिलात, एक वाक्य टाकता आलं नाही? तुम्हा लोकांना गप्प बसणं म्हणजे शहाणपण वाटतं. तुमच्या गप्प बसण्यावर आम्ही घरं बांधतो आणि मग ती आमच्या डोक्यावर पडतात.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. “सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?”

ऐकलं नसतं हे त्यांना माहीत होतं, ही गोष्ट तिला सगळ्यात जास्त लागली. निघताना तिने विचारलं, तापमान तरी दीडपट कशाला केलंत? त्याच्यावरूनच पकडले गेलात.

“तापमान गुणलं नव्हतं,” तात्या म्हणाले. “पहिल्या महिन्यात आलं होतं तेच लिहीत राहिलो. सगळंच खोटं लिहायला जीव धजेना.”

६

आता करायचं काय, हे तिला मनोऱ्याचा पूल ओलांडेपर्यंत ठरवायचं होतं, आणि पूल लहान होता.

वर्तमानपत्रात जावं तर बातमी काय देणार? धरणाचं पाणी अतिशय स्वच्छ असल्याने खळबळ. बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवावा तर ते तिचंच खरं ठरवणार. आकड्यांची बाजू घेऊन ती आयुष्यभर लोकांशी भांडत आली होती. आता सगळे आकडे पलीकडच्या बाजूला जाऊन बसले होते.

तिने नळकांडं बेचाळीसला सोडलंच नाही. चाळीसला थांबवलं आणि घाईघाईने निरोप्या सोडला. तो खाली जाईपर्यंत तिने श्वास घेतला नाही. मग टक, आपल्या वेळेला, आपल्या वजनाने. नळकांडं वर आलं ते बर्फासारखं गार. झाकण काढताच कुजका, सडका वास खोलीभर पसरला आणि बाटलीत शाईसारखं पाणी उतरलं. त्या घाणीच्या वासाने तिला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. पुस्तकातलं पाणी होतं ते. खरं, विषारी, ओळखीचं.

तिने बाटलीवर चिठ्ठी डकवली आणि लिहिलं, बेचाळीस मीटर. मग अक्षराकडे पाहिलं तेव्हा तिला ते तात्यांच्या अक्षरासारखं वाटलं.

साहेब दारात उभे होते. केव्हापासून, कोण जाणे.

ते रागावले नाहीत. आत आले, बाही सारली, आणि आजवर ज्या साहेबाने दोराला हात लावला नव्हता त्याने नळकांडं स्वतः खाली सोडलं. पस्तीस, चाळीस, बेचाळीस. दोर धरून ते तिच्याकडे पाहत राहिले. निरोप्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, आणि त्यांच्या मनगटाला बसलेला हलका झटका तिला दोन पावलांवरून दिसला.

वर आलेलं नितळ पाणी त्यांनी दोन बाटल्यांत भरलं. एकीवर सही केली. दुसरी प्यायले.

“मॅडम,” ओठ पुसत ते म्हणाले, “खरे आकडे लिहावेत असं तुम्हीच म्हणाला होता ना?”

आदल्या दिवसांचे तिचे तीन अहवाल त्यांनी वर पाठवले होते. तिच्या सहीचे. कंसासकट. गुरुवारी सकाळी अकराला तळाचं दार उघडायचं ठरलं होतं.

७

बुधवारी संध्याकाळी ती थोरलीकडे गेली आणि सरळ म्हणाली की महिनाभर आईकडे जा.

थोरली उशांना टेकून बसली होती. पाय सुजले होते, तरी तोंड शाबूत होतं. डॉक्टर मला पलंगावरून न्हाणीघरापर्यंत जाऊ देत नाहीत, ती म्हणाली, आणि तू मला सहा तासांच्या रस्त्याला लावतेस. तुला भाचा हवाय की सूड? धाकटीने पाण्याचं सांगितलं. कसं सांगायचं ते येतायेता बसमध्ये तीन तऱ्हांनी रचलं होतं, तिन्ही तिथेच विरघळल्या. पाण्यात काय आहे, थोरलीने विचारलं. काही नाही, धाकटी म्हणाली. म्हणजे? म्हणजे काहीच नाही पाण्यात, तेच तर.

थोरलीने हात पुढे करून धाकटीच्या कपाळाला लावला, लहानपणी ताप बघायची तसा.

शेवटी एवढंच मान्य झालं: गुरुवारी नळाचं पाणी प्यायचं नाही. धाकटीने बाजारातून पाण्याचे सहा मोठे डबे आणून स्वयंपाकघरात रांगेने ठेवले. भावजी कामावरून आले आणि डबे पाहून म्हणाले, पूर येणारे की दुष्काळ, ते तरी सांगा. थोरलीने मात्र वचन दिलं. तिची वचनं पक्की असत. धाकटीने त्या वचनाला दोन्ही हातांनी धरलं.

८

गुरुवारी ती अकराला दहा मिनिटं असताना मनोऱ्यात होती. नियमच तसा होता, आणि त्या नियमात तिची शेवटची आशा होती: दार उघडताना तळाचा नमुना घ्यायचा, आणि तो वाईट निघाला तर नियंत्रण कक्षाला फोन करून दार बंद करायला लावायचं. तेवढा अधिकार तिच्या सहीला होता. हवा शिरली, गाळ ढवळला, की तळाला जे काही सोंग घेऊन बसलंय ते एका क्षणापुरतं तरी उघडं पडेल, असा तिचा हिशेब होता.

अकराला खोल कुठेतरी लोखंड घासल्याचा आवाज झाला. तो जमिनीतून तिच्या पायांत आला आणि दातांपर्यंत गेला. झडपेतून हवा खाली ओढली जाऊ लागली. टेबलावरचे कागद उडून झडपेत गेले, आणि मागे लोखंडी दार धाडकन मिटलं. तिने खांदा लावला. दार हललं नाही. आतली हवा खाली खेचली जातेय, बाहेरची दाराला दाबतेय, तिने स्वतःला सांगितलं. दाब सारखा झाला की उघडेल. हे अगदी बरोबर होतं. तिने ते दोनदा सांगितलं.

मग नळकांडं सोडलं. बेचाळीसला दोर अडकवायच्या आधीच टक झालं. तिने ओढलं. दोर आला नाही. दोन्ही हातांनी, भिंतीला पाय लावून ओढलं. खालून कुणी ओढत नव्हतं. नुसतं धरून ठेवलं होतं.

तिने भिंतीवरचा फोन उचलला. साहेबांनीच घेतला. दार बंद करा, ती म्हणाली.

“नमुना काय सांगतो?”

नमुना वर येत नाही, तिने सांगितलं. फोनमध्ये नखाचा आवाज आला, एकदाच. मग आकडा नाही, साहेब मायेने म्हणाले, आकड्याशिवाय कसं बंद करू? आणि फोन ठेवला.

पुन्हा खोलीचं दार ढकललं. दार तसंच. तिने मोबाइल काढला, खुर्ची खिडकीखाली ओढली आणि वर चढून थोरलीला लावला, कारण रेंज तिथेच यायची. थोरलीने पहिल्याच घंटेला उचलला.

आवाज प्रसन्न होता. पाणी आलं गं, ती म्हणाली, तू म्हणत होतीस ते. इतकं स्वच्छ, भांड्यात आहे की नाही ते कळत नाही. ती स्वयंपाकघरात उभी होती. उठलीस कशाला, धाकटी ओरडली, वचन दिलं होतंस ना. थोरली हसली, दमलेल्या माणसाला सावली मिळाल्यावर हसू येतं तसं.

“मी कुठे पितेय? मला तहानच नाही,” ती म्हणाली. “ह्याला लागलीय. सकाळपासून नुसता आतून ठोकतोय.”

मग भांडं तोंडाला लागल्याचा आवाज झाला आणि घोट सुरू झाले.

ताई, धाकटी म्हणाली. ताई, भांडं खाली ठेव. घोट चालूच राहिले, एकसारखे, संथ. खुर्चीवरून तिला उघडी झडप सरळ दिसत होती. खालचं पाणी आता काळं नव्हतं. टॉर्च नव्हता तरी ते तळापर्यंत दिसत होतं, बेचाळीस मीटर, काचेसारखं, आणि तळाशी, मनोऱ्याच्या पोटात जिथे एकही झाड असायला नको तिथे, झाडं उभी होती. बुडवली होती तशीच. एकही पान गळलं नव्हतं. सगळे शेंडे दाराच्या बाजूला झुकले होते, आणि दोराच्या टोकाशी, नळकांड्याभोवती, पानांमध्ये काहीतरी फिकं, बोटांएवढं बारीक, खूप संख्येने होतं. तिने लगेच नजर काढली. पुन्हा तिकडे पाहायचं नाही एवढं तिने ठरवलं, म्हणून ती भिंतीवरचे पांढरे आकडे पाहत राहिली.

फोनमध्ये एक घोट झाला. पाणी बोटभर खाली उतरलं.

दार उघडलं की पातळी उतरणारच. धाकटीला ते माहीत होतं. दुसरा घोट झाला, आणि पाणी बोटभर उतरलं. तिसरा. माणूस पाणी पिताना मध्ये श्वास घेतो. चार घोटांनी, फार तर सहांनी. पहिल्या शेंड्याचं ओलं पान आता पाण्याबाहेर आलं होतं. ती मोजत होती. अकरा, बारा. तिच्या पाठीमागे दार गच्च होतं आणि ती फोन कानाशी धरून, स्वतःचाही श्वास थांबवून, थोरली श्वास घेते का ते ऐकत होती.